आपल्या कापसाचा हिशोब १९८६ च्या भावानं काहून?

मागच्या अंकात आंतरराष्ट्रीय कायद्यावर एक पानभर मजकूर टाकला होता. मुद्दा एवढाच होता की आशिया-आफ्रिकेतले बरेच देश आणि तिथले कायदेपंडित म्हणतात, हा कायदा बनत होता तेव्हा आम्ही कोणाच्या तरी ताब्यात होतो, आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि स्वतंत्र झाल्यावर तोच कायदा आमच्यावर लागू झाला. वाटलं होतं वेचणीच्या दिवसांत हे कोण वाचते, पण पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एका भाऊंनी तर ऑडिओच पाठवला तो ऐकून उतरवून काढावा लागला. जमतील तेवढे प्रश्न घेतो. भाषा ज्याची त्याची ठेवली आहे, नावं सगळ्यांचीच काढून टाकली.

प्रश्न : सर, आमच्या इथं पानठेल्यावर एक जण सांगून रायला होता का कापसाचा हमीभाव वाढवाले अमेरिका आडवी येते, डब्ल्यूटीओत तक्रार केली म्हणे. खरं हाये का हे? आमी सहा एकरात पऱ्हाटी लावतो. अमेरिकेले आमच्या पऱ्हाटीचं काय पडलं बाप्पा?
(कास्तकार, दिग्रस तालुका)

भाऊ, पानठेल्यावरची बातमी अर्धी खरी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, शेती समितीपुढे कागद ठेवला की भारत कापसाला हमीभावातून मर्यादेच्या कितीतरी वर मदत देतो आणि ती नीट दाखवत नाही. मर्यादा म्हणजे त्या पिकाच्या एकूण उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के. अमेरिकेच्या हिशोबानं आपण वर्षानुवर्षं ५० टक्क्यांच्या वर होतो. आता तुम्ही म्हणाल, ५० टक्के मदत आली कोणाच्या घरी, माझ्या तर नाही आली. बरोबर आहे, कारण ही मदत म्हणजे तुमच्या हातात पडलेला पैसा नाहीच. तो कागदावरचा आकडा आहे आणि तो कसा काढतात ते ऐकून तुम्ही डोक्याला हात लावाल. चालू वर्षाचा हमीभाव घ्यायचा, लांब धाग्याचा २०२५-२६ चा क्विंटलला ८११० रुपये होता, त्यातून १९८६ ते १९८८ ह्या तीन वर्षांतला बाहेरच्या बाजाराचा सरासरी भाव वजा करायचा, जो फरक उरेल त्याला उत्पादनानं गुणायचं, झाली तुमची 'मदत'. मधल्या जवळपास चाळीस वर्षांत डिझेल कुठे गेलं, वेचणीची मजुरी कुठे गेली, खताची थैली कुठे गेली, ते ह्या गणितात कुठंच दिसत नाही. करारात एक कलम आहे की महागाई फारच असेल तर तिचा योग्य विचार व्हावा, पण 'विचार व्हावा' इतकंच आहे, कसा आणि किती ते नाही. वरून उत्पादन कोणतं धरायचं ह्यावरही भांडण आहे. अमेरिका म्हणते देशात पिकला तेवढा सगळा कापूस धरा, आपण म्हणतो सरकारनं हमीभावानं खरेदी केला तेवढाच धरा, कारण जो कापूस व्यापाऱ्यानं खेडा खरेदीत पाडून घेतला त्याला कसली आली हमीभावाची मदत.

आणि अमेरिका स्वतः? तिला दरवर्षी १९१० कोटी डॉलरपर्यंत बाजारभाव बिघडवणारी मदत द्यायचा हक्क त्याच करारात लिहून दिलेला आहे. कारण असं, की १९८६-८८ मध्ये ज्यांनी ज्यांनी आपल्या शेतकऱ्यांवर भरपूर पैसा ओतला होता त्यांना सांगितलं गेलं की तुमचा आकडा थोडा कमी करा, उरलेला तुमचा हक्क. आणि ज्यांच्याजवळ तेव्हा ओतायला पैसाच नव्हता, म्हणजे आपण आणि आफ्रिकेतले बहुतेक देश, त्यांना सांगितलं की तुमचा आकडा शून्य होता ना, मग शून्यच राहील, वरून ती १० टक्क्यांची सवलत घ्या. ज्यानं आधीच धुरा सरकवून ठेवला त्याच्याच दगडापासून वावराची मोजणी सुरू करायची, असा हा प्रकार आहे. ह्या सगळ्या विषयावर माझं म्हणणं विचाराल तर एवढंच आहे, की कायद्याची वाक्यं सगळी गोडच असतात, सगळे देश समान, सगळ्यांना एक नियम. खोडा असतो तो मोजायचं कोणत्या वर्षापासून ह्यात, आणि ते वर्ष ठरवणारी माणसं दुसरीच असतात.

त्यातही कापसाचं नशीब भाताहून खराब. २०१३ मध्ये बालीच्या बैठकीत गरीब देशांनी भांडून एक तात्पुरतं संरक्षण मिळवलं, की अन्नसुरक्षेसाठी सरकारनं धान्य खरेदी केलं आणि मर्यादा ओलांडली तरी केस लावायची नाही. भारतानं २०१८-१९ च्या तांदळासाठी ते वापरलंही. पण ते आहे मुख्य अन्नधान्यासाठी. कापूस कोणी खात नाही, म्हणून कापसाला ते संरक्षण नाही.

ब्राझीलची गोष्ट सांगतो, तिच्यातून सगळं कळते. २००२ मध्ये ब्राझीलनं अमेरिकेच्या कापूस अनुदानावर डब्ल्यूटीओत केस टाकली. २००५ मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिकेनं अनुदान बंद करायच्या ऐवजी ओढत नेलं, शेवटी ब्राझीलला अमेरिकेच्या मालावर उलट शुल्क लावायची परवानगी मिळाली तेव्हा कुठं २०१० मध्ये तोड निघाली, आणि तोड काय तर अमेरिका दरवर्षी १४.७३ कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी देईल, आणि अनुदान चालू. म्हणजे अमेरिकेचं सरकार आपल्याही शेतकऱ्याला पैसा देते आणि तक्रार करू नये म्हणून ब्राझीलच्याही शेतकऱ्याला देते! २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन फाईल बंद. आता ब्राझील मोठा देश, वकील लावू शकतो, उलट शुल्काची धमकी देऊ शकतो. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश, जिथं आपल्या यवतमाळसारखंच कापसावर घर चालते, त्यांनी २००३ मध्ये हीच मागणी केली होती. त्यांच्याजवळ धमकी द्यायला काही नव्हतं, त्यांना आश्वासनं मिळाली.

पण भाऊ, सगळं डब्ल्यूटीओवर ढकलू नका, हेही सांगून ठेवतो. खरेदी केंद्र उशिरा उघडते, ओलाव्याच्या नावानं कापूस परत पाठवते, ते काही जिनिव्हातून, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मुख्यालयातून, ठरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि मग ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, तो निर्णय दिल्लीचा होता. डब्ल्यूटीओतल्या साखरेच्या अनुदानावरच्या केसमध्ये आपण २०२१ मध्ये हरलो तेव्हा आपण काय केलं, अपील टाकून दिलं, हे पक्कं माहीत असताना की अपिलाचं कोर्टच बंद पडलेलं आहे. ते बंद पाडलं अमेरिकेनं, न्यायाधीशांच्या नेमणुका अडवून, डिसेंबर २०१९ पासून. त्यांनी बंद पाडलं, आपण त्याचा फायदा घेतला. राजकारणात सोवळं कोणीच नाही.

प्रश्न : मी अचलपूरला लायब्ररीत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. एका नोट्समध्ये 'ट्वेल' असा शब्द आहे, तिसऱ्या जगाचा दृष्टिकोन वगैरे. हे नक्की काय आहे आणि आंतरराष्ट्रीय कायदा वसाहतवादी आहे असं म्हणायला पुरावा काय? की नुसतं भाषण आहे?

भाषण नाही ताई, पुरावा आहे आणि भरपूर आहे. ट्वेल म्हणजे थर्ड वर्ल्ड अप्रोचेस टू इंटरनॅशनल लॉ, ह्या नावानं १९९७ मध्ये हार्वर्डला पहिली परिषद झाली. पण हा विचार त्याच्या कितीतरी आधीचा, आपल्या जेएनयूतले आर. पी. आनंद साठच्या दशकापासून हेच लिहीत होते, नंतर तिथलेच बी. एस. चिमणी, अल्जीरियाचे मोहम्मद बेदजावी, श्रीलंकेत जन्मलेले अँटनी अँघी. परीक्षेत ही चार नावं पुरतील.

पुराव्यातला मला सर्वात आवडणारा सांगतो. १६०३ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं मालानं भरलेलं जहाज लुटलं. आता ही लूट कायदेशीर होती हे पटवून द्यायला एक तरुण हुशार वकील लागला, तो ह्यूगो ग्रोशियस. त्यानं सिद्धांत मांडला की समुद्र कोणाच्या मालकीचा नसतो, सगळ्यांना मोकळा असतो, आणि त्यातला भाग १६०९ मध्ये छापून आला. ह्याच माणसाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणतात. समुद्र मोकळा ही गोष्ट चांगलीच आहे हो, त्यात वाईट काही नाही, पण आनंद सरांचा मुद्दा असा की हिंदी महासागरात गुजराती, अरब, मलय व्यापारी शेकडो वर्षं तसेच मोकळे फिरत होते, त्यांच्या बंदरांचे रिवाज होते, आणि तिथं येऊन परवाने आणि तोफा लावून समुद्र बंद करणारे युरोपवालेच होते. मग तोच रिवाज युरोपातून सिद्धांत होऊन आपल्याला परत शिकवला गेला.

पुढचं तुमच्या पुस्तकात असेलच. १८८४-८५ ची बर्लिन परिषद, आफ्रिकेतला व्यापार आणि ताबा कोणत्या नियमानं करायचा हे ठरवायला १४ देश बसले, त्यात आफ्रिकेचा एकही नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेतलं ३८ वं कलम, ज्यात 'सुसंस्कृत राष्ट्रांनी' मान्य केलेली तत्त्वं कायद्याचा आधार मानली आहेत, ते वाक्य आजही तसंच आहे. १९६० चा वसाहती संपवण्याचा युनोचा ठराव, ८९ देश बाजूनं, विरोधात कोणी नाही आणि ९ गप्प, त्या गप्प बसणाऱ्यांत ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल, अमेरिका. १९७४ चा नवी आर्थिक व्यवस्था मागणारा ठराव. हे सगळं लिहा, पण उत्तरात एक वाक्य नक्की टाका की ट्वेलवाले लोक कायदा जाळून टाका असं म्हणत नाहीत, त्यांच्यातले बरेच त्याच कायद्यानं केसेस लढले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, कारंजा लाड. लहानपणी वडील म्हणत की वऱ्हाड इंग्रजांनी निजामाकडून मक्त्यानं घेतला होता. तुमच्या लेखात सगळं आफ्रिका आणि हेग. आपल्या वऱ्हाडाचा ह्यात काही संबंध येतो का?

गुरुजी, येतो, आणि इतका चपखल की मागच्या लेखात तो राहून गेला ह्याचं वाईट वाटते.

वडील बरोबर सांगत होते. हैदराबादच्या निजामाला इंग्रजांनी एक फौज ठेवायला लावली होती, हैदराबाद कंटिन्जंट म्हणत, अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा. पगार थकत गेला, थकबाकीवर थकबाकी चढली, आणि २१ मे १८५३ च्या तहानं त्या बाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६० मध्ये बाकीचे मुलूख परत केले, वऱ्हाड नाही केलं. वऱ्हाडची काळी जमीन आणि त्यातला कापूस, इंग्लंडातल्या लंकाशायरच्या गिरण्यांना तो हवाच होता, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिथला कापूस बंद झाला तेव्हा तर वऱ्हाडची किंमत आणखी चढली. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली ती काही यात्रेकरूंसाठी नव्हती. निजामाचे दिवाण सालारजंग मुलूख परत मागत राहिले, १८७६ मध्ये इंग्लंडला गेले, हात हलवत परत आले. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झननं निजामाकडून सही घेतली, वऱ्हाड कायमचा मक्त्यानं, वर्षाला २५ लाख रुपये. मुदत कायमची. असा मक्ता आपल्याकडे कोणी लिहून देईल का हो, वावर माझं, सातबारा माझा, पण वहिती जन्मोजन्मी तुमची?

आता कायद्याचा भाग बघा. १८५३ मध्ये तो 'तह' होता, म्हणजे दोन सत्तांमधला करार, शिक्कामोर्तब, सगळं रीतसर. घ्यायचं होतं तेव्हा निजाम हा बरोबरीचा राजा होता. पण २१ ऑगस्ट १८९१ ला, मणिपूरच्या टिकेंद्रजित राजपुत्राला फाशी देऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा हिंदुस्थान सरकारनं गॅझेटमध्ये सूचना काढली की राणीचं सरकार आणि देशी संस्थानं ह्यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागूच होत नाहीत. आणि मग १९२३ मध्ये सातव्या निजामानं वऱ्हाड परत मागितलं, नाही तर निदान चौकशी आयोग तरी नेमा म्हणाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं मार्च १९२६ मध्ये जे उत्तर पाठवलं ते आजही कायद्याच्या पुस्तकांत येते. आशय असा की हिंदुस्थानातला कोणताही संस्थानिक ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्यानं वाटाघाट करण्याचा दावा करू शकत नाही. तह करताना बरोबरीचा, परत मागताना ताबेदार. अँघींसारखे लोक जाडजूड ग्रंथांतून जे सिद्ध करतात, की वसाहतीतल्या राजाचं सार्वभौमत्व फक्त सही करण्यापुरतं मान्य केलं जायचं, ते आपल्या अकोला-अमरावतीच्या मातीवर घडलेलं आहे. १९३६ मध्ये निजामाचं मन राखायला त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब देऊन टाकला, मुलूख मात्र नाही दिला.

आणि एक गोष्ट, जी निजामाचे चाहते सांगत नाहीत. ह्या ८०-९० वर्षांच्या भांडणात वऱ्हाडातल्या कास्तकाराला दोघांनीही एकदा विचारलं नाही की तुला कोणाच्या राज्यात राहायचं आहे.

मराठ्यांच्या काळचा एक कागद मात्र हेगच्या कोर्टात खरंच वाचला गेला, तेही सांगतो. दादरा-नगर हवेलीवर पोर्तुगालनं भारताविरुद्ध केस केली, त्यांचा आधार १७७९ चा पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह. १९६० च्या निकालात कोर्टानं तह खरा मानला, पण त्यानं पोर्तुगीजांना सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क मिळाला होता, सार्वभौमत्व नाही, असं सांगितलं. नंतर इंग्रजी काळात पडलेल्या वहिवाटीमुळे साध्या माणसांना आणि मालाला तिथं जायचा हक्क आहे, फौजेला आणि हत्यारांना नाही, असा निकाल आला. भारतानं काही नियम मोडला नाही असंही कोर्ट म्हणालं.

प्रश्न : आपल्याले युनोत व्हेटो काहून नाही? १४० कोटी लोकं हाये.
(वणी)

कारण व्हेटोवाल्यांची, म्हणजे एकट्यानं ठराव पाडू शकणाऱ्या देशांची, यादी १९४५ ची आहे. तेव्हा युनोत ५१ देश होते, आज १९३ आहेत. आफ्रिकेतले तेव्हा फक्त चार. आपण त्या ५१ मध्ये होतो बरं का, इंग्रजांच्या ताब्यात असतानाही संस्थापक सदस्य, सही करणारं शिष्टमंडळही इंग्रज सरकारनंच नेमलेलं. १९६५ मध्ये सुरक्षा परिषद ११ ची १५ केली, पण व्हेटोवाले पाचचे पाचच राहिले, आणि सनद बदलायची तर त्या पाचांची मंजुरी लागते. म्हणजे समजून घ्या. मात्र व्हेटोला शिव्या देताना एक तारीख ध्यानात ठेवा, १८ डिसेंबर १९६१. आपलं सैन्य गोव्यात शिरलं होतं, भारतानं थांबावं असा ठराव आला, ७ मतं बाजूनं पडली, आणि तो रशियाच्या व्हेटोनं पडला. विरोधात श्रीलंका, लायबेरिया आणि इजिप्तही होते. आपलं म्हणणं तिथं असं होतं की साडेचारशे वर्षं दुसऱ्याची जमीन बळकावून बसणं हेच आक्रमण आहे, मोजायचंच असेल तर तिथून मोजा.

प्रश्न : जय सेवा सर. लेख वाचला. तुम्ही इंग्रजांनी केलेल्या अन्यायाबद्दल लिहिता, पण आमच्या भागात जंगल आजही 'सरकारी' आहे आणि तो कायदा १९२७ चा आहे. दिल्ली-मुंबईनं आमच्याशी वेगळं काय केलं? आंतरराष्ट्रीय कायद्यात भारत गरीब देश म्हणून रडतो आणि इथं आमच्यासमोर साहेब होतो.
(धानोरा तालुका, गडचिरोली)

जय सेवा दादा. ह्या प्रश्नाला सारवासारव करणारं उत्तर देणार नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ट्वेलमधल्या प्रामाणिक लोकांनी हीच टीका स्वतःच्या देशांवर केलेली आहे, की स्वातंत्र्य मिळालं ते राज्यकर्त्यांना, आणि वसाहतीचे कायदे, सीमा, पोलीस ठाणी जशीच्या तशी नव्या मालकाकडे आली.

ऑस्ट्रेलियात इंग्रजांनी १७८८ पासून असं धरलं की ही जमीन कोणाचीच नाही, कारण इथं राहणाऱ्यांजवळ आम्हाला ओळखता येईल असा मालकीचा कागद नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही समजूत १९९२ मध्ये माबो खटल्यात रद्द केली, तोपर्यंत दोनशे वर्षं होऊन गेली होती. आपल्याकडे १८६५, १८७८ आणि १९२७ चे वनकायदे थोडेफार त्याच विचारानं चालतात, कागद नाही म्हणजे जंगल सरकारचं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत संसदेनं स्वतः 'ऐतिहासिक अन्याय' झाला असं मान्य केलं. तुमच्याच तालुक्यातलं मेंढा-लेखा, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात आले. हे तुम्हाला मी काय सांगावं.

पण त्या कायद्यातही बघा, मोजायचं कुठून. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथं राहात असल्याचं सिद्ध करावं लागते. म्हणजे १९३० चा पुरावा. त्या काळी पुरावा लिहून ठेवणारा कोण होता, तर जंगल खातं. ज्यानं हक्क नाकारला त्याच्याच दप्तरात हक्काचा दाखला शोधायचा.

युनोनं १३ सप्टेंबर २००७ ला आदिवासी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, १४४ बाजूनं आणि ४ विरोधात. ते चार म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नंतर त्यांनीही पाठिंबा दिला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण आपली अधिकृत भूमिका अशी की इथले सगळेच मूळनिवासी, म्हणून तो जाहीरनामा इथं वेगळा कोणाला लागू होत नाही. युनोत एक बोलायचं, गडचिरोलीत एक. ह्यावर तुम्ही मला परत लिहा, ग्रामसभेत हा जाहीरनामा कधी वाचला गेला का तेही कळवा, छापू.

प्रश्न : हे सगळं रडगाणं आहे. कायदा चांगला असेल तर तो कोणी लिहिला ह्यानं काय फरक पडतो? ट्रॅक्टर इंग्रजांच्या देशातून आला म्हणून कोणी वापरायचं सोडलं का?
(संत्रा बागायतदार, वरुड)

दादा, तुमचा टोला आवडला. पण ट्रॅक्टर सगळ्यांच्या वावरात सारखाच चालते, कायद्याचं तसं दिसत नाही, म्हणून लोक ओरडतात.

इथिओपिया आणि लायबेरियानं १९६० मध्ये हेगच्या कोर्टात दक्षिण आफ्रिकेवर केस टाकली, की नामिबियाचा (तेव्हा नैऋत्य आफ्रिका) सांभाळ तुमच्याकडे दिला होता आणि तुम्ही तिथं वर्णभेद लादला. सहा वर्षं चालली. १९६२ मध्ये कोर्ट म्हणालं आम्ही ऐकू शकतो. १९६६ मध्ये मतं ७ विरुद्ध ७ पडली, अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे, त्यांनी निर्णायक मत दिलं, आणि निकाल लागला की ह्या दोन देशांना हा प्रश्न विचारायचा हक्कच नाही. वर्णभेद बरोबर की चूक ह्यावर कोर्ट बोललंच नाही. त्यानंतर कित्येक वर्षं आफ्रिकेतले देश त्या कोर्टाकडे फिरकायला तयार नव्हते, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही नसतो गेलो. निकाराग्वा १९८६ मध्ये अमेरिकेविरुद्ध जिंकला, अमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत नेला तर अमेरिकेनंच व्हेटो केला.

तरी तुमच्या बाजूनंही बोलतो, कारण तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही. नाउरू नावाचं चिमुकलं बेट, त्याचं फॉस्फेट ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, न्यूझीलंडनं खणून आपल्या शेतांना खत म्हणून नेलं, बेटाचा मधला भाग नुसते दगडाचे सुळके उरले. त्यांनी १९८९ मध्ये हेगला केस टाकली आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाला १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड करावी लागली. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटननं चागोस बेटं तोडून घेतली, लोकांना हाकललं, दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ बसवला. २०१९ मध्ये कोर्टानं १३ विरुद्ध १ नं सल्लागार मत दिलं की हे बेकायदा आहे, आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनला बेटं परत करण्याच्या करारावर सही करावी लागली, अर्थात तळाची जागा ९९ वर्षांच्या भाड्यानं ठेवूनच. मक्ता काही सुटत नाही ह्यांचा! आणि वानुआतू, पॅसिफिकमधल्या कायद्याच्या पोट्ट्यांनी वर्गात सुरू केलेली मागणी त्या देशानं युनोत नेली, २३ जुलै २०२५ ला कोर्टानं एकमतानं सल्लागार मत दिलं की हवामान बिघडू न देणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, मोडलं तर भरपाई लागू शकते. मोठ्या देशांचा तिथला युक्तिवाद असा होता की १९९२ पासूनचे हवामान करार तेवढेच बघा, बाकी जुना कायदा मध्ये आणू नका. कोर्टानं ते ऐकलं नाही. अवकाळीत तुमचा आंबिया बहार गळतो तेव्हा हे मत आठवा, लगेच पैसे मिळणार नाहीत, पण प्रश्न विचारायचा हक्क नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही.

प्रश्न : घरचं सोयाबीन बियाणं म्हणून पेरलं आन् शेजाऱ्याले चार चुंगडे विकले तं परदेशी कायद्यानं गुन्हा होते का? एका दुकानदारानं भेव घातलं.
(अकोट)

गुन्हा होत नाही. १९९५ च्या व्यापार करारात एवढंच म्हटलं होतं की पिकांच्या नव्या वाणांना संरक्षण द्या, पेटंटनं द्या नाही तर स्वतःच्या एखाद्या परिणामकारक कायद्यानं द्या. श्रीमंत देशांचा तयार नमुना होता, तो घ्या म्हणून दबावही होता. आपण तो न घेता २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्याच्या ३९ व्या कलमात कास्तकाराला बियाणं राखायचा, पेरायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क आहे, संरक्षित वाणाचं असलं तरी. फक्त कंपनीच्या नावानं, ब्रँडचं पाकीट करून विकायचं नाही. शेजाऱ्याला खुल्या चुंगड्यात दिलं त्यात काहीच अडचण नाही. दुकानदाराला कलमाचा नंबर सांगा. आणि विकायच्या आधी शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून उगवण पाहून घ्या, सत्तरच्या वर आले तर द्या, कमी आले तर शेजाऱ्याला आधीच सांगा म्हणजे तो एकरी जास्त पेरील.